डिपॉझिट गेलंच, वर आणखी ८,८०० पौंड? इंग्लंडमधल्या लग्नाच्या हॉलचा करार आणि ग्राहकाचे हक्क

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलीच्या लग्नासाठी लेस्टरमधला एक हॉल ऑगस्टमधल्या शनिवारसाठी ठरवला. हॉलचे ७,००० आणि अडीचशे पानांच्या जेवणाचे, पानामागे ३६ पौंडांनी, ९,००० असे एकूण १६,००० पौंड. हॉल बघायला गेलात तेव्हाच सही केली आणि ३,२०० डिपॉझिट भरलं. पुढे नवऱ्या मुलाच्या वडिलांचं दुखणं निघालं, त्यांना प्रवास झेपणार नाही म्हणून लग्न पुण्यात करायचं ठरलं. मार्चमध्ये, म्हणजे पाच महिने आधी, तुम्ही ईमेल करून बुकिंग रद्द केलं. हॉलवाले म्हणतात की डिपॉझिट परत मिळत नाही, शिवाय सहा महिन्यांच्या आत रद्द केलं तर ७५ टक्के रक्कम लागू होते. म्हणून १२,००० मधून ३,२०० वजा जाता ८,८०० पौंड चौदा दिवसांत भरा. आणि तुम्ही विचारता, "सही तर केलीय, आता काही करता येतं का?"

येतं. पण "एक पैसा देणार नाही" हेही चालायचं नाही, हे आधीच सांगते. तुम्ही करार मोडला आहे, तेव्हा हॉलवाल्यांचं खरोखर जे नुकसान झालं असेल ते त्यांना मागता येतं. वाद आहे तो एवढाच की नुकसानीचा आकडा प्रत्यक्ष हिशेबातून काढायचा की त्यांनी आधीच छापून ठेवलेल्या टक्क्यांतून. माझं मत स्पष्ट आहे: टक्के विसरा आणि हिशेब मागा.

सहीचं ओझं आपल्या लोकांना फार वाटतं, म्हणून आधी ते उतरवू. इंग्लिश कायद्यात सहीला वजन आहे, यात शंका नाही. १९३४ सालचा एक निकाल इथला कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी शिकतो. वेल्समध्ये कॅफे चालवणाऱ्या मिस लेस्ट्रेंज यांनी सिगारेटचं यंत्र विकत घेतलं आणि ते धड चाललंच नाही. पण ज्या तपकिरी कागदावर त्यांनी सही केली होती, त्यावर बारीक अक्षरात कंपनीने आपली सगळी जबाबदारी झटकून टाकली होती. सही केली म्हणजे वाचलं असो-नसो, अट लागू, असं कोर्ट म्हणालं. गंमत अशी की त्या खटल्यात कंपनीची बाजू मांडणारे वकील होते डेनिंग. तेच पुढे न्यायाधीश झाले आणि १९५६ च्या एका निकालात त्यांनी लिहिलं की काही अटी इतक्या जाचक असतात की त्या लाल शाईत छापून, शेजारी बोट दाखवणारा लाल हात काढल्याशिवाय पुरेशी सूचना दिली असं म्हणता येणार नाही.

पण तुम्हाला या जुन्या निकालांवर फार विसंबायची गरज नाही. १ ऑक्टोबर २०१५ पासून ग्राहकांच्या करारांना ग्राहक हक्क कायदा, २०१५ लागू आहे आणि त्याचं ६२ वं कलम सरळ सांगतं की अन्यायकारक अट ग्राहकावर बंधनकारक नाही. सही असली तरी नाही. अन्यायकारक कशाला म्हणायचं? जी अट सचोटीला सोडून दोन्ही बाजूंच्या हक्क-जबाबदाऱ्यांत मोठा असमतोल आणते आणि तो ग्राहकाच्या तोट्याचा असतो, ती. ही पारख करार झाला त्या दिवशीच्या परिस्थितीवरून होते. हॉलवाले नंतर किती गोड वागले किंवा उर्मट वागले, याचा तिथे उपयोग नाही. ती अट कागदावर काय काय करू शकत होती, ते बघतात.

या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात संशयास्पद अटींची एक यादी आहे. यादीत नाव आलं म्हणजे अट आपोआप रद्द होत नाही, पण बचाव करणाऱ्याला घाम फुटतो. तुमच्या कामाच्या दोन नोंदी आहेत, चौथी आणि पाचवी. चौथी म्हणते: ग्राहकाने माघार घेतली तर व्यापारी भरलेले पैसे ठेवणार, पण व्यापाऱ्याने माघार घेतली तर ग्राहकाला तेवढीच भरपाई मिळायची सोय नाही, अशी अट. पाचवी म्हणते: माघार घेणाऱ्या ग्राहकाकडून भरपाई म्हणून, किंवा न दिलेल्या सेवेसाठी, अवाच्या सवा रक्कम मागणारी अट.

आता करार पुन्हा उघडा आणि ११ नंबरची अट वाचा, जिचा फोटो तुम्ही पाठवला आहे. हॉलवाल्यांना "कोणत्याही कारणाने" बुकिंग रद्द करता येतं आणि तसं झालं तर ते फक्त भरलेले पैसे परत करतील, बाकी कसलीही जबाबदारी नाही. म्हणजे लग्नाच्या आदल्या आठवड्यात त्यांनी हॉल दुसऱ्याला दिला असता तर तुम्हाला तुमचेच ३,२०० परत आणि नमस्कार. तुम्ही पाच महिने आधी सांगितलं तर मात्र १२,०००. तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम कागद म्हणजे हे दोन परिच्छेद, एकाखाली एक ठेवलेले. हॉलवाल्यांना पाठवायच्या पत्रात ते शब्दशः उतरवा.

हॉलवाल्यांनी वकील गाठला तर त्याचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: ही किंमत आहे आणि किमतीच्या रास्तपणात कोर्ट पडत नाही. यात तथ्य आहे. ६४ व्या कलमानुसार कराराचा मुख्य विषय आणि किंमत, ठळक आणि स्पष्ट लिहिलेली असेल तर, या पारखीतून सुटते. २००९ साली बँकांच्या ओव्हरड्राफ्ट शुल्काचा गाजलेला खटला सुप्रीम कोर्टात बँका जिंकल्या त्या साधारण याच मुद्द्यावर, तेव्हाच्या नियमांखाली. पण ६४ व्या कलमाचंच सहावं उपकलम म्हणतं की परिशिष्टातल्या यादीत बसणाऱ्या अटींना ही सूट नाही. वकिलांच्या पत्रात पहिला अर्धा भाग असतो, दुसरा नसतो. तो तुम्ही लिहा.

दुसरं उत्तर येईल ते बेव्हिस खटल्याचं. चेल्म्सफर्डच्या एका बाजार-संकुलात दोन तास फुकट पार्किंग होतं. बेव्हिस नावाचे गृहस्थ ५६ मिनिटं जास्त थांबले आणि त्यांना ८५ पौंडांचा भुर्दंड पडला. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो योग्य ठरवला, आणि पार्किंग कंपनीचं तेवढं नुकसान झालं नव्हतं तरी ठरवला. त्यामुळे "नुकसानीपेक्षा एक पौंड जास्त घेतला की अट बाद" असं सरसकट म्हणता येत नाही, हे मान्य करून चाला. पण तिथे मोठमोठे फलक होते, गाडी फिरती राहावी हा रास्त हेतू होता आणि रक्कम माफक होती. कोर्टाने प्रश्न असा घातला होता की सरळ व्यवहार करणाऱ्या व्यापाऱ्याला, समोरासमोर बोलणी झाली असती तर ग्राहकाने ही अट मान्य केली असती, असं वाटलं असतं का? ८५ पौंडांबद्दल हो म्हणता येईल. पाच महिने आधी कळवूनही १२,००० द्यायला लग्नघरातला कोणता माणूस तयार झाला असता?

आता तुम्हाला लोकांनी दिलेले दोन सल्ले, जे चुकीचे आहेत. पहिला: "चौदा दिवसांत कोणताही करार रद्द करता येतो." ही मुदत फोनवर, ऑनलाइन किंवा घरी येऊन केलेल्या करारांसाठी आहे, २०१३ च्या नियमांनुसार. तुम्ही हॉलवर जाऊन सही केलीत. आणि ऑनलाइन केली असती तरी ठरावीक तारखेच्या केटरिंग आणि करमणुकीच्या सेवा त्या नियमांतून वगळलेल्या आहेत. तो मुद्दा पत्रात घालू नका. एक चुकीचा मुद्दा दिसला की समोरचा बाकीचं पत्रही त्याच नजरेने वाचतो.

दुसरा: "आजारपण म्हणजे दैवी आपत्ती, करार आपोआप संपतो." करार निष्फळ होण्याचं तत्त्व इंग्लिश कायद्यात आहे, पण ते फार चिंचोळं आहे. जून १९०२ मध्ये सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक त्याच्या दुखण्यामुळे पुढे गेला. मिरवणूक बघण्यासाठी पॅल मॅलवरच्या खोल्या ७५ पौंडांना भाड्याने घेणाऱ्या माणसाला उरलेले ५० पौंड द्यावे लागणार नाहीत, असा निकाल लागला, कारण मिरवणूकच नसेल तर खोल्या घेण्यात अर्थच उरला नव्हता. तुमच्याकडे आजारी पडले ते व्याही. हॉल जागेवर होता, आचारी होते, नवरा-नवरी होते. लग्न पुण्याला नेणं हा तुमचा निर्णय, तो योग्यच असेल, पण कायद्याच्या नजरेत तो तुमचा निर्णय आहे. लग्नाचा विमा काढला असेल तर मात्र आजच पॉलिसी काढून बघा. जवळच्या नातेवाइकाचं गंभीर आजारपण पुष्कळदा त्यात धरलेलं असतं.

आता हिशेब. समजा, आकडे माझे आहेत, त्यांना एका पानाचा प्रत्यक्ष खर्च २४ पौंड येतो आणि त्या दिवशी हॉल उघडून झाडलोट, वीज, सुरक्षारक्षक यांना १,०००. तुमच्या लग्नाचा त्यांचा खर्च झाला असता ६,००० अधिक १,०००, म्हणजे ७,०००. १६,००० मधून तो गेला की नफा ९,०००. तारीख शेवटपर्यंत रिकामी राहिली आणि त्यांनी ती भरायचा मनापासून प्रयत्न केला असेल तर त्यांचं नुकसान ९,००० च्या आसपास. तुमचे ३,२०० त्यांच्याकडे आहेत, म्हणजे राहिले ५,८००. वाईटात वाईट हे आहे आणि तेही ८,८०० च्या खाली आहे.

आता दुसरी बाजू. ऑगस्टमधला शनिवार, पाच महिने हातात, लेस्टरसारखं शहर. समजा दोनशे पानांचं दुसरं लग्न मिळालं. हॉलचे ७,००० आणि ताटांचे ७,२०० मिळून १४,२००. खर्च ४,८०० अधिक १,०००, म्हणजे ५,८००. नफा ८,४००. तुमच्यामुळे त्यांचं नुकसान झालं ६०० पौंडांचं, फार तर जाहिरातीचे थोडे वर. तसं असेल तर त्यांनीच तुम्हाला २,६०० च्या आसपास परत करायला हवेत. हॉल एक आणि तारीख एक असल्यामुळे "दुसरं लग्न आम्हाला असंही मिळालंच असतं" हा बचाव त्यांना सहसा करता येत नाही.

६०० आणि ९,००० यांच्यात नेमका आकडा कुठे पडतो, हे आज कोणालाच ठाऊक नाही. ते ऑगस्टमध्ये कळेल. म्हणून आज ८,८०० भरायची घाई करायचं काहीच कारण नाही. नुकसान कमी करण्यासाठी वाजवी धडपड करणं ही त्यांची कायदेशीर जबाबदारी आहे, तारीख तशीच ठेवून तुमच्याकडून वसुली करता येत नाही. त्यांची वेबसाइट आणि इन्स्टाग्राम बघत राहा. ती तारीख अजून "बुक्ड" दाखवत असेल तर स्क्रीनशॉट घ्या, दिनांकासह. भरली म्हणून तशी दाखवत असतील किंवा विकायला काढलीच नसेल, दोन्हीही तुमच्या पथ्यावर पडतं. जवळपास राहणारं कोणी असेल तर त्या शनिवारी संध्याकाळी हॉलवरून एक चक्कर मारायला सांगा. लग्न लपत नाही.

डिपॉझिटबद्दल वेगळं थोडं. आपल्याकडे जागेच्या व्यवहारात विसार बुडतो, तसं खरं डिपॉझिट माघार घेणाऱ्याचं बुडतं, ही इंग्लिश कायद्यातही जुनी रीत आहे. पण ते माफक असायला हवं. जमैकातल्या एका लिलावात बँकेने २५ टक्के डिपॉझिट घेतलं होतं. १९९३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे जमैकाची शेवटची अपिलं ऐकणाऱ्या लंडनमधल्या न्यायपीठाने, ते अवाजवी ठरवलं आणि फक्त वरचा भाग नाही, तर सगळंच परत करायला लावलं, नुकसानभरपाईचा हिशेब वेगळा ठेवून. ग्राहकांच्या करारात स्पर्धा आणि बाजार प्राधिकरण, ज्याला इथे सगळे सीएमए म्हणतात, त्याचं मार्गदर्शन असं की परत न मिळणारं डिपॉझिट एकूण किमतीचा लहानसा हिस्साच असावं आणि रद्द करण्याचं शुल्क हा प्रत्यक्ष नुकसानीचा प्रामाणिक अंदाज असावा. वीस टक्के लहानसा हिस्सा म्हणता येईल का? मला नाही वाटत. पण तडजोडीत सोडायला काहीतरी हातात लागतं आणि डिपॉझिटमधला काही भाग ही ती गोष्ट आहे.

पत्र लांबवू नका, एक पान पुरे. ७५ टक्क्यांची अट ६२ व्या कलमाखाली आणि परिशिष्टाच्या चौथ्या-पाचव्या नोंदीनुसार आम्हाला बंधनकारक नाही. तुमच्या ११ नंबरच्या अटीशी ती ताडून पाहा. तारीख पुन्हा उपलब्ध कधी केली, कुठे जाहिरात केली, ती गेली का आणि कितीला, हे लेखी कळवा. वाचलेल्या खर्चाचा तपशील द्या. प्रत्यक्ष निव्वळ नुकसान भरून द्यायला आम्ही तयार आहोत. बस. आजारपणाची कहाणी, मुलीची रडारड, चुलत सासऱ्यांची ओळख, काही नको. "पैसे नाहीत" हेही लिहू नका. त्याने मुद्दा हप्त्यांकडे वळतो. गूगलवर एका ताऱ्याचा रिव्ह्यू आत्ताच टाकायचा मोह आवरा.

व्हॉट्सॲपही नीट चाळा. तुम्ही ओझरतं लिहिलं आहे की त्यांची मॅनेजर सही करायच्या आधी म्हणाली होती, "काही अडलं तर तारीख पुढे करून देतो." ही बारीकशी गोष्ट नाही. कायद्याचं ५० वं कलम सांगतं की सेवेबद्दल व्यापाऱ्याच्या वतीने जे बोललं किंवा लिहिलं गेलं आणि जे लक्षात घेऊन ग्राहकाने करार केला, ते कराराचाच भाग होतं. ते लेखी सापडलं तर तुमची बाजू चांगलीच वर येते. फोनवर झालं असेल तर कोण, कधी, काय बोललं ते आजच आठवून लिहून ठेवा आणि शेजारी बसलेल्या माणसालाही त्याचं वेगळं लिहायला सांगा.

डिपॉझिट क्रेडिट कार्डाने भरलं म्हणून कार्ड कंपनीकडे जायचा सल्ला तुम्हाला मिळालाय. १९७४ च्या ग्राहक पत कायद्याचं ७५ वं कलम उत्तम हत्यार आहे, १०० पौंडांच्या वर आणि ३०,००० पर्यंतच्या किमतीच्या खरेदीत कार्ड कंपनी व्यापाऱ्याइतकीच जबाबदार असते. मात्र त्यासाठी व्यापाऱ्याने करार मोडलेला किंवा खोटं सांगितलेलं असावं लागतं. इथे मोडला तुम्ही. हॉल उद्या बंद पडला किंवा तारीख बदलून देण्याची कबुली सिद्ध झाली तर ते दार उघडेल, आज नाही.

एक बारीक गोष्ट पाहून घ्या: करारावर नाव कोणाचं आहे? हे सगळं संरक्षण व्यक्तीला आहे, धंद्यासाठी न घेतलेल्या सेवेला. घरच्या लग्नाला अडचण नाही आणि तुम्ही ग्राहक नाही हे सिद्ध करायचं ओझंही हॉलवाल्यांवर आहे. पण हॉल एखाद्याच्या कंपनीच्या नावावर घेतला असेल तर चित्र बदलतं. मंडळांच्या कार्यकर्त्यांनीही हे ध्यानात घ्यावं. गणपतीसाठी हॉल घेताना नोंदणीकृत संस्था करार करते तेव्हा ती या कायद्याची ग्राहक नसते, म्हणून तिथे अटींवर घासाघीस सहीच्या आधीच करायची.

भारतात ग्राहक आयोग असतो, तसा इथे नाही. वाद साध्या काउंटी कोर्टात जातो, १०,००० पौंडांपर्यंत स्मॉल क्लेम्सच्या, म्हणजे छोट्या दाव्यांच्या, मार्गाने, जिथे हरणाऱ्याला सहसा समोरच्याच्या वकिलाची फी द्यावी लागत नाही. त्यामुळे "आमच्या वकिलाचा खर्चही तुमच्यावर" या धमकीने घाबरू नका. मे २०२४ पासून अशा पैशांच्या दाव्यात एका तासाची मोफत मध्यस्थी सक्तीची झाली आहे, फोनवर. तुमच्यासारखी प्रकरणं तिथेच मिटण्याची शक्यता बरीच. मानसिक त्रासाची भरपाई मागू नका. ती इथे मिळते ती मुख्यतः व्यापाऱ्याने करार मोडला आणि करारच आनंदासाठी होता तर. १९७३ सालच्या निकालात स्वित्झर्लंडची सहल फसलेल्या एका वकिलाला, जाहिरातीतली मजा मिळाली नाही म्हणून, ६३ पौंडांच्या सहलीसाठी १२५ पौंड मिळाले होते. तुमच्या प्रकरणात ते लागू नाही. हे सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं. स्कॉटलंडमध्ये कोर्टाची रीत आणि मुदती वेगळ्या आहेत.

हॉलविरुद्ध तक्रार नोंदवायची असेल तर मोफत सल्ला देणाऱ्या सिटिझन्स ॲडव्हाइस या संस्थेच्या ग्राहक हेल्पलाइनला कळवा, तिथून ती ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या ग्राहक-संरक्षण खात्याकडे, जाते. एप्रिल २०२५ पासून सीएमएला कोर्टात न जाता थेट दंड करता येतो, जागतिक उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत. लेस्टरच्या एका हॉलसाठी ते धावत येतील अशी आशा धरू नका, पण पत्रात याचा एक ओळीचा उल्लेख केलेला बरा.

राहता राहिली वसुलीची पत्रं. एजन्सीचं पत्र लाल अक्षरात आलं तरी ते कोर्टाचं नसतं. "ही रक्कम वादग्रस्त आहे" एवढं एका ओळीत कळवून सोडून द्या. कोर्टाचा क्लेम फॉर्म आला तर मात्र तो कपाटावर ठेवू नका. चौदा दिवसांत पोच नोंदवली की बचाव दाखल करायला एकूण अठ्ठावीस दिवस मिळतात. उत्तरच दिलं नाही तर सुनावणीशिवाय तुमच्याविरुद्ध निकाल होतो, आणि तो महिन्याभरात पूर्ण भरला नाही किंवा रद्द करून घेतला नाही तर सहा वर्षं कोर्टाच्या निकालांच्या सार्वजनिक नोंदीत राहतो. मुलीला घराचं कर्ज काढायचं असेल आणि करारावर तिचंही नाव असेल तर ती नोंद तिलाही नडेल.